वारा थांबेपर्यंत

रामनगरचे तुकारामकाका आणि सुमनकाकू जीप करून जोयडा तालुक्यातल्या गुंदला आले, ते आर्क्टिकच्या सहलीत कुठं राहायचं हे ठरवायला. फोनवर ठरण्यासारखं ते राहिलं नव्हतं. दोघांनी दोन जागा धरल्या होत्या आणि घरात त्यावरून आठवडाभर धुसफूस चालली होती. शेवटी काकूच म्हणाल्या, ती पोरगी जोयड्यातलीच हाय, तिच्यासमोर बसू आणि काय ते मिटवू.

ती पोरगी म्हणजे सुनयना. पस्तिशीला आलेली, गुंदच्या कुणबी घरातली. बेळगावच्या एका सहल कंपनीत ती काही वर्षं नोकरीला होती. लॉकडाऊनमध्ये घरी आली, पुढच्या खोलीत टेबल मांडलं, आणि कंपनीनं तिला तिथूनच काम करू दिलं. तिच्याकडं काम होतं बर्फातल्या सहलींचं. नॉर्वे, फिनलंड, अगदी वरच्या टोकाचे मुलूख. स्वतः ती गोवा आणि बंगळूर यांच्या पलीकडं गेली नव्हती, पण तिकडच्या कुठल्या खोलीत चूल आहे, कुठल्या होडीत माणसाला मळमळतं, हे तिला पाठ होतं. गिऱ्हाइकांना ती गुंदहून बोलते हे कळलं की ते हसत. ती हसू देई.

काका ओसरीवर खुर्चीत बसले आणि बसल्याबसल्याच बोलायला लागले. "हे बघ, मला साखरेचा त्रास हाय. इन्सुलिन घेतो. मला हॉस्पिटल जवळ पायजे, रस्ता पायजे, संडास आत पायजे. ती काचेच्या छताची खोली हाय न्हवं, तीच बरी. गादीवर पडूनच आभाळातले दिवे बघायचे."

काकू खाली जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं न बघता सांगितलं, "चाळीस वर्षं मी ह्यांच्या पत्र्यासळ्यांच्या दुकानाच्या माडीवर काढली. खाली पत्रे उतरवतात, पुढं हायवे. रात्री ट्रक, पहाटे ट्रक. एकदा तरी जिथं हॉर्न ऐकू येत न्हाई अशा जागी झोपायचंय मला. काचेच्या खोल्यांच्या शेजारी पार्किंग हाय. फोटोत दिसतंय."

काकूंनी धरलेली जागा नॉर्वेच्या टोकाला एका बेटावर होती. मासेमारांचं जुनं लाकडी घर, जवळच्या गावाहून होडीनं जायचं. बेरित नावाची एक बाई हिवाळाभर तिथं आपल्या कुत्र्यांबरोबर राहायची आणि एका वेळी दोघांतिघांनाच ठेवून घ्यायची. संडास बाहेर. आंघोळ म्हणजे बर्फ वितळवून गरम केलेलं पाणी. मोबाइलला रेंज नाही, उपग्रहावरून चालणारा एक हातफोन आणि शेडवर त्याच्या अँटेनाची जुनी तार, त्यावरून ती रोज सकाळी निरोप पाठवायची.

सुनयनानं दोन्ही ठिकाणी आधीच चौकशी केली होती. काचेच्या खोलीवाल्यांना तिनं विचारलं होतं, करंट गेला तर काय करता? उत्तर लगेच आलं होतं, आमच्याकडं वीज कधीच जात नाही, आणि पुढं तीन हसरे चेहरे. जोयड्यातल्या माणसाला असलं उत्तर पटत नाही. बेरितला तोच प्रश्न विचारला तेव्हा तिनं दोन दिवसांनी लांबलचक लिहिलं. करंट नाहीच. चुली दोन आहेत. सरपण पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरेल एवढं आहे. वादळात तार तुटू शकते. माझा निरोप आला नाही तर समजा, मी आत आहे आणि दार लावलंय.

हे सगळं सुनयनानं दोघांना वाचून दाखवलं, वादळाचं वाक्यसुद्धा. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "तुझे आईवडील असते जायला, तर तू कुठं पाठवलं असतंस?"

सुनयनाचे वडील वारले होते. आई, रुक्मा, मागच्या दारी कोंबड्यांना हाकत होती. क्षणभर सुनयनाच्या मनात आलं की उत्तर टाळावं, कंपनीनं तेच शिकवलं होतं. पण काकू तिच्याकडं बघत होत्या.

"बेरितकडं," ती म्हणाली. "तिथं शांत असतंय."

तेवढ्यावर ठरलं.

*

फेब्रुवारीच्या मध्यावर दोघं गेली. जाण्याआधी सुनयना रामनगरला जाऊन आली. इन्सुलिन गोठलं की वाया जातं, म्हणून ते पिशवीत न ठेवता अंगाशी ठेवायचं, हे तिनं काकूंना पुन्हा पुन्हा सांगितलं. काकूंनी त्यासाठी पोलक्याला आतून खिसा शिवून घेतला. लागणार होतं त्याच्या दुपटीनं औषध सुनयनाच्या डोळ्यांदेखत भरलं.

पहिले निरोप चांगले आले. तिकडची सकाळ म्हणजे गुंदची जेवणवेळ. सुनयना ताटावर बसली की फोन वाजायचा. कुत्र्यांनी काकांचा हातमोजा पळवला. काकूंनी चुलीवर भाकरी थापली, बेरितला आवडली. आभाळात हिरवा उजेड दिसला. मग एके दिवशी बेरितचा निरोप आला: वारा येतोय, सगळे ठीक, तार जुनी आहे, वारा थांबेपर्यंत काळजी करू नका.

दुसऱ्या दिवशी निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

सुनयनानं तिकडच्या हवामानाचा नकाशा उघडला. बेटाच्या जागी सगळं जांभळं होतं. होडीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, बंदरातसुद्धा आम्ही पाय टिकवू शकत नाही. तिनं जेवण झाकून ठेवलं. पुण्याहून श्वेताचा फोन आला. श्वेता म्हणजे काकाकाकूंची एकुलती मुलगी, तिथं कुठल्याशा मोठ्या ऑफिसात होती. पहिल्या फोनवर ती घाबरून बोलली. दुसऱ्या फोनला घाबरणं संपून राग उरला होता.

"आईनं मला सांगितलंय सगळं," ती म्हणाली. "बाबांना ती जागा नको होती. तुम्ही पाठवलंत."

सुनयनानं नाही म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळीच करंट गेला. कुंभारवाड्याकडं कुठंतरी तारेवर फांदी पडली होती म्हणे. करंट गेला की घरातलं नेट जायचं आणि मोबाइलला रेंज घरात कधीच नव्हती. सुनयनानं फोन उचलला आणि मागच्या टेकाडावर चढली. तिथं भेरला म्हणतात त्या एका मोठ्या रानमाडाखाली उभं राहिलं तर रेंज मिळायची, दोन पावलं सरकलं की जायची. रुक्माही तिच्या मागं टोपली घेऊन आली. गोठ्यात घालायला वाळका पाला गोळा करायचा होता, असं ती म्हणाली. पाला काल पुरेसा गोळा झाला होता.

माडाखाली पोचताच फोन थरथरायला लागला. श्वेताच होती.

"कुठं होतात तुम्ही? किती वेळ फोन लावतेय."

"करंट न्हाई. टेकाडावर आल्ये."

"ऐका. मी तिथल्या बचाव केंद्राला फोन केला होता. ते म्हणतात, वाऱ्यात हेलिकॉप्टर सोडायचं तर कारण लागतं. निरोप येत नाही एवढं कारण पुरत नाही, कारण त्या बाईनंच तसं आधी कळवलंय. कुणी आजारी असेल, जखमी असेल, तर ते वाऱ्यात फट बघून प्रयत्न करतील. मला त्यांनी विचारलं, शेवटचा निरोप कुणाला आला. मी तुमचं नाव दिलं. आता थोड्या वेळात त्यांचा फोन येईल."

"बरं."

"त्यांना सांगायचं की निरोपात बाबांच्या छातीत दुखतंय असं होतं."

सुनयनाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती माडाच्या बुंध्याला आणखी चिकटून उभी राहिली.

"तसं काई न्हवतं निरोपात," ती म्हणाली.

"मला माहितीय, नव्हतं. मी सांगतेय म्हणून सांगा. बाबा डायबेटिक आहेत, एकसष्ट वर्षांचे आहेत, खरंही असू शकतं. तुमचं काय जातं?"

"अक्का, त्या वाऱ्यात माणसं उडणार..."

"त्यांचं ते कामच आहे. ते शिकलेले असतात." श्वेताचा आवाज फुटला आणि तिनं तो लगेच सावरला. "तुम्ही त्यांना तिथं पाठवलंत. आता तुम्हीच त्यांना आणा. मी बाकी काही मागत नाही."

फोन बंद झाला. खाली उतारावर रुक्मा पाला खरडत होती. तिनं मान वर केली.

"काय म्हणाली?"

सुनयनानं सांगितलं. रुक्मानं खरडणं थांबवलं, हात लुगड्याला पुसले.

"मग सांग की."

"खोटं?"

"खोटं तर खोटं. माणसं मेल्यावर तुझं खरं घेऊन काय करायचं त्या पोरीनं?"

"आणि मामा?" सुनयना म्हणाली.

परशूमामा रुक्माचा धाकटा भाऊ. काही वर्षांपूर्वी ऐन पावसात दोन पर्यटक धबधब्याकडं बुडाल्याची आवई उठली. त्या दोघांना बुडताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, असं एकानं छातीठोक सांगितलं, म्हणून गावातली माणसं फुगलेल्या ओढ्यात उतरली. परशूमामा दगडावरून घसरला. पर्यटक त्या वेळी गोव्यात हॉटेलवर जेवत होते. मामाचा पाय गुडघ्यातून आता वाकत नाही. रोज संध्याकाळी त्याला तेल चोळायला रुक्मा जाते.

"परशूचं वेगळं," ती म्हणाली. कसं वेगळं ते तिनं सांगितलं नाही. पुन्हा पाला खरडायला लागली, पण त्याच त्या जागी.

सुनयना थांबली. ऊन चढत होतं. उताराखालच्या काजूंना मोहोर आला होता आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या. तिच्या मनात एकाच वेळी दोन माणसं उभी राहिली. काका, ओसरीवरच्या खुर्चीत चष्मा पुसणारे. आणि कुणीतरी एक, ज्याचा चेहरा तिला माहीत नव्हता, हेलिकॉप्टरच्या दारात पट्टा बांधून बसलेला. पहिल्याला ती ओळखत होती. पहिल्यानं तिच्यावर विश्वास टाकला होता. छातीत दुखतंय, एवढंच म्हणायचं. मनातल्या मनात तिनं ते इंग्रजीत जुळवलंसुद्धा. सोपं वाक्य होतं.

फोन वाजला. लांबलचक परदेशी नंबर.

पलीकडचा माणूस शांत होता. नाव, गाव, नातं विचारलं. मग शेवटचा निरोप वाचून दाखवायला सांगितलं. सुनयनानं वाचला. आपलाच आवाज तिला दुसऱ्याचा वाटत होता.

"यात आजारपणाचा किंवा दुखापतीचा काही उल्लेख नाही," तो म्हणाला.

"नाही."

"तुम्हाला आणखी कुठून काही कळलंय? फोन, दुसरा कुठला निरोप? विचार करून सांगा. तुमच्या उत्तरावर आम्हाला ठरवायचं आहे."

तो थांबला. त्याच्या मागं कुणीतरी खोकलं. रुक्मा टोपलीशी वाकलेली तशीच राहिली होती.

"त्यांना मधुमेह आहे," सुनयना म्हणाली. "इन्सुलिन घेतात. औषध पुरेसं नेलंय, भरताना मी बघितलंय. गोठू नये म्हणून अंगाशी ठेवलेलं असणार. पण ते खरंच तसं ठेवलंय का, हे मला ठाऊक नाही. छातीत... दुखत असल्याचं, पडल्याचं, असं मला काही कळलेलं नाही."

त्या माणसानं सगळं लिहून घेतलं. मग तो म्हणाला, औषधाचा मुद्दा आम्ही ध्यानात ठेवतो. बेरितला आम्ही ओळखतो. सध्या वाऱ्यात कुणाला पाठवता येईलसं दिसत नाही, जोर ओसरला की पहिली होडी तिकडं जाईल. आभार मानून त्यानं फोन ठेवला.

श्वेताला सुनयनानं आपणहून फोन केला.

"सांगितलंत?"

"खरं तेच सांगितलं."

श्वेताचा श्वास ऐकू येत होता. मग ती अगदी हळू म्हणाली, "बाबांना काही झालं तर तुमचा आवाज मी विसरणार नाही." आणि फोन ठेवला.

रुक्मा टोपली डोक्यावर घेऊन वर आली. लेकीजवळून जाताना ती थांबली. "घरला चल. जेवलेली न्हाईस दोन दीस." सुनयना म्हणाली, तू हो पुढं. ती संध्याकाळपर्यंत त्या माडाखालीच बसून राहिली. फोन एकदाही वाजला नाही. अंधार पडायला लागला तेव्हा परशूमामा काठी टेकत वर आला, एक पाय ओढत, चढताना धापा टाकत. तिच्या हाताला धरून खाली घेऊन गेला.

*

पुढच्या दिवशी वारा पडला. जेवणवेळ उलटून गेली आणि होडीवाल्याचा निरोप आला. तिघंही जिवंत. एकाला दुखापत. हॉस्पिटलात नेतोय.

झालं होतं ते असं. वाऱ्याच्या पहिल्याच झोताला शेडचं छप्पर गेलं. तार तिच्यावरच होती आणि हातफोन आत टांगलेला. दोन्ही बर्फाखाली गेलं. घर मात्र हललं नाही. तिसऱ्या दिवशी काका दोरीला धरून बाहेरच्या संडासाला गेले, परत येताना पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. बेरितनं माशांच्या खोक्याची फळी कापून हात बांधला. इन्सुलिन काकूंच्या पोलक्यात होतं, त्याला काही झालं नाही. सुई काकूंनी टोचली. चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला कधी सुई टोचली नव्हती.

चौथ्या दिवशी सुनयना फोनवर सांगत होती, पडल्याचं मला काही कळलेलं नाही. त्या वेळी काका मोडका हात छातीवर घेऊन चुलीशेजारी पडलेले होते.

हे कळल्यावर सुनयना कितीतरी वेळ टेबलाशी बसून राहिली. कंपनीच्या मालकांनी बेळगावहून तिला कळवलं, तू काही लिहून देऊ नकोस, भेटायलाही जाऊ नकोस, आम्ही बघतो. दोघं परत आल्याचं कळलं, तशी तिनं जोयड्याची पहिली बस धरली आणि तिथून रामनगरची.

दुकान चालू होतं. माडीवर काका खिडकीपाशी बसले होते, हात प्लास्टरात. श्वेता पुण्याहून आलेली होती. तिनं दार उघडलं, सुनयनाला ओळखलं आणि वाटेतून बाजूला झाली.

काकांनी बस म्हटलं नाही. सुनयना उभीच राहिली.

"तिकडनं तुला फोन आल्ता म्हणं," काका म्हणाले.

"व्हय."

"श्वेतानं सांगितलं तसं तू बोलली असतीस तर आलं असतं हेलिकॉप्टर?"

"आलं असतं कदाचित. वाऱ्यात जमलं नसतंही. मला ठाऊक न्हाई, काका."

"मी तिथं पडून तेच ऐकत होतो. पंख्याचा आवाज येतोय का. त्या वाऱ्यात सगळेच आवाज तसले वाटत्यात. शंभरदा वाटलं, आलं. आलं न्हाई."

खाली ट्रकातून सळ्या उतरत होत्या. त्यांचा खणखणाट माडीवर घुमत होता.

"हात मोडलाय हे कळलं असतं तर मी सांगितलं असतं," सुनयना म्हणाली.

"कळलं न्हवतं."

"न्हवतं."

"हं." काकांनी खिडकीबाहेर बघितलं. मग पायानं समोरचं स्टूल तिच्याकडं ढकललं. ती बसली.

काकू चहा घेऊन आल्या. त्या वाळल्या होत्या, थंडीनं नाकाचा शेंडा काळवंडला होता. कप हातात देताना त्या म्हणाल्या, "तिथं शांत असतंय असं तू म्हणालीस. ते खरं न्हाई. तीन दिवस घर किंचाळत होतं. मी देवाची सगळी नावं घेतली. पुढच्या माणसाला तसं सांगू नको."

"न्हाई सांगणार."

"वारा पडला तेव्हा मात्र," काकू म्हणाल्या आणि नवऱ्याकडं बघून थांबल्या. "तेव्हा ह्यांचा श्वास ऐकू आला. इतक्या वर्षांत मला ठाऊक न्हवतं की ह्यांचा श्वास शिट्टीवानी वाजतो." काकांनी मान खिडकीकडून आत वळवली.

निघताना श्वेता खाली स्टँडपर्यंत आली. का आली ते सुनयनाला कळलं नाही. कदाचित आईनं पाठवलं असावं. बसला वेळ होता. दोघी कठड्यापाशी उभ्या राहिल्या.

"पुन्हा तीच वेळ आली तरी मी खोटंच बोलायला सांगेन," श्वेता म्हणाली.

"तुमच्या जागी मीही तेच केलं असतं."

"पण तुमच्या जागी तुम्ही नाही केलंत."

"न्हाई."

श्वेतानं मान हलवली. ते पटलं म्हणून की नुसतं ऐकलं म्हणून, कळलं नाही. गोव्याकडचा एक टेम्पो धूळ उडवत गेला. तिनं ओढणीनं तोंड झाकलं आणि धूळ बसल्यावर विचारलं, "त्या बाईचा पत्ता द्याल? बाबा काल रात्रीपासून माझ्या मागे लागलेत. तिची शेड कशी बांधली होती, पत्रा किती जाडीचा होता, खिळे कसले वापरले होते. म्हणतात, तसलं छप्पर तिथं पुन्हा घालू नका म्हणून तिला लिहायचंय. आणि उजव्या हातानं लिहिता येत नाही, म्हणून ते मी लिहायचं."

सुनयनानं फोन काढला आणि बेरितचा पत्ता तिला वाचून दाखवला. नाव अवघड होतं, श्वेतानं दोनदा विचारून घेतलं. तेवढ्यात जोयड्याची बस आली. खिडकीजवळची जागा मिळाली तेव्हा सुनयनानं बाहेर बघितलं. श्वेता अजून तिथंच उभी होती, फोनमध्ये काहीतरी टाइप करत, आणि तिच्या मागून सळ्यांनी भरलेला ट्रक दुकानाकडं वळत होता.